उसन्या फाइली आणि एक कोरी ओळ

वैशू, जरा जवळ ये, कान इकडे कर, म्हणजे धरता येईल. खारघर ते कामोठे अंतर किती गं? रिक्षावालासुद्धा एवढ्याशा भाड्याला नाक मुरडतो. आणि तू मला फोनवर सांगतेस, "मावशी, आमच्या सोसायटीच्या दिवाळी अंकासाठी तुझ्या कामाचं काहीतरी लिही ना, दोनेक हजार शब्द." शब्द काय वाण्याकडे मिळतात होय? एक दिवस येऊन बसली असतीस तर मी बोलले असते आणि तू उतरवून घेतलं असतंस. आता मी सातवी शिकलेली बाई गुडघ्यावर वही ठेवून लिहिते आहे. गुडघा दुखतो म्हणून मधेच उठते, उठले की काय लिहायचं होतं ते विसरते. चुकलंमाकलं सुधारून घे. फक्त शेवटचा भाग कापू नकोस. तो तुझ्या आईसाठी आहे.

वाचणाऱ्यांना सांगते, मी शालन. माहेर-सासर दोन्ही साताऱ्याकडचं. नवरा वाशीच्या मार्केटात माथाडी होता, पोती उचलायचा. मी एका कॉम्प्युटर क्लासात झाडलोट आणि चहाचं बघायचे. फरशी पुसताना कान मोकळे असतात. मास्तर रोज तेच तेच शिकवायचे, पोरं रोज तेच विसरायची, आणि फडकं पिळता पिळता माझं पाठ झालं. एकदा मास्तर गावी गेलेले असताना एक मशीन अडलं, ते मी चालू करून दिलं. तिथून लोक बोलवायला लागले. नव्वदच्या दशकातली शेवटची वर्षं मी वाशी, सानपाडा, जुईनगर, क्वचित पार द्रोणागिरीच्या गोदामांपर्यंत हिंडले ती ह्याच कामासाठी. दार उघडणारा माझ्या पाठीमागे बघायचा. "मेकॅनिक कुठाय?" मी म्हणायचे, "मीच ती. चप्पल कुठं काढू?"

माझ्याकडे सगळ्यात जास्त यायची ती एकच तक्रार. मशीन सुरू केलं, एखादा प्रोग्राम उघडायला गेलं, की पडद्यावर करड्या रंगाची पाटी यायची. अमुक नावाची डी-एल-एल फाइल सापडत नाही. झालं. माणूस घाबरून सगळं बंद करायचा, परत लावायचा, परत तीच पाटी.

आता ही डी-एल-एल म्हणजे काय, ते मी सगळ्यांना सांगायचे तसंच सांगते. आमच्या गावी चार घरांत मिळून एक सामाईक विहीर होती. कॉम्प्युटरातही प्रत्येक प्रोग्राम सगळं घरून आणत नाही. खिडकी उघडणं, बटण दाखवणं, छपाईला पाठवणं, ही कामं सगळ्यांनाच लागतात. ती करणाऱ्या फाइली एका जागी ठेवलेल्या असतात, सगळ्यांनी मिळून वापरायच्या. विहीर कुणी बुजवली तर चारही घरांचं पाणी तुटतं. पण ज्याला आधी तहान लागते, तोच आधी ओरडतो. लोकांना वाटतं बिघाड त्याच्याच घरात आहे.

आणि विहिरी बुजवणारी माणसं तरी केवढी! सानपाड्याला एका सोसायटीचे सेक्रेटरी होते. दिवाळीच्या साफसफाईत त्यांनी कॉम्प्युटरही साफ केला. मला अभिमानानं म्हणाले, "ताई, ज्या फाइली मी आयुष्यात कधी उघडल्या नाहीत, त्या सगळ्या काढून टाकल्या. तीनशेच्या वर निघाल्या." मी म्हटलं, "साहेब, पोटातलं काळीज तुम्ही कधी उघडून बघितलंय? तेही काढायचं का?" त्यांची बायको स्वयंपाकघरातून हसली. मशीन मात्र सुरूच होईना.

इंग्रजी मला फार येत नव्हतं. पाटीवरची अक्षरं मी चित्रासारखी एकेक करून वहीत उतरवायचे. फाइलीचं नाव डाव्या बाजूला, आणि उजव्या बाजूला ती फाइल कुणाच्या मशीनवर धडधाकट आहे ते. कुणाचं विरजण संपलं की शेजारणीकडून चमचाभर आणतो ना, तसंच. मसाल्याच्या गाळेवाल्याकडे एक नीट आहे, ती फ्लॉपीवर घ्यायची आणि जुईनगरच्या बाईंकडे टाकायची. माझ्या गिऱ्हाइकांना माहीतही नसायचं, पण निम्मी वाशी आणि निम्मं सानपाडा माझ्या वहीतून एकमेकांकडे उसनं मागत होतं. त्या वहीचा मला गर्व होता, खोटं कशाला बोलू. दुसरे मेकॅनिक पाटी दिसली की "फॉरमॅट मारा" म्हणायचे. म्हणजे सगळं पुसून नव्यानं भरायचं. मी म्हणायचे, अख्खं घर पाडून विहीर होते का?

आता हिराकडे येते. हिरा म्हणजे वैशूची आई. सानपाड्याजवळच्या जुन्या गावात हिचं माहेर. खाडीकडेची माणसं, पूर्वी भातशेती आणि मिठागरं. जमिनी गेल्या, इमारती आल्या. नवरा वारल्यावर हिरा लहान वैशूला घेऊन माहेरी आली आणि घराच्या पुढच्या खोलीत एक सेकंडहँड कॉम्प्युटर घेऊन टायपिंग करायला लागली. अर्ज, प्रतिज्ञापत्रं, लग्नाच्या पत्रिकांचे मजकूर. गावातल्या बायका अर्ज सांगायला यायच्या आणि अर्जाआधी सासूचं सगळं सांगून जायच्या. मी तिथं पहिल्यांदा गेले ती प्रिंटर बिघडला म्हणून. मी एक फ्लॉपी ठेवून आले, प्रिंटरचा प्रोग्राम त्यात होता. पंधरा दिवसांनी हिरानं ती परत केली आणि म्हणाली, "वैनी, रिकामी नाय देत हां. भांडं रिकामं परत देऊ नये."

मी म्हटलं, "फ्लॉपीत काय साखर घातलीस?"

"आबा सांगतान ना, आमच्या घरान्याची नावं. मी टाइप करतंय. थोडं झालंय, त्ये घातलंय. वाच सवडीनं."

ती फ्लॉपी मी घरच्या बिस्किटाच्या डब्यात टाकली. वाचली नाही. सवड कुणाला होती?

हे आबा म्हणजे हिराचे वडील. त्यांच्या घराण्याची सामाईक जमीन सरकारनं घेतली होती, आणि तिच्या बदल्यात जे मिळायचं होतं त्यासाठी वारसांची वंशावळ द्यायची होती. हिराच्या भावांनी एक यादी आधीच केली होती, एका पानाची. त्यात बहिणी नव्हत्या. भाऊ वाईट नव्हते बरं का. मुली लिहायच्या असतात हे त्यांच्या ध्यानातच आलं नव्हतं, त्यांच्याकडे कधी कुणी लिहिल्याच नव्हत्या. ते ऐकलं आणि आबा चिडले. रोज दुपारी जेवण झालं की हिराच्या खोलीत प्लास्टिकच्या खुर्चीवर बसायचे आणि पणजोबापासून सांगायचे. कोण कुणाचा, कुणाला मुली किती, कुठं दिल्या, कोण पोर असताना गेलं. एवढं सगळं त्या एकाच डोक्यात होतं. हिरा लिहायची. प्रिंट काढली नव्हती, कारण आबा दुसऱ्या दिवशी आदल्या दिवसाचं दुरुस्त करायचे. पूर्ण झालं की एकदमच काढू, असं ठरलं होतं.

यादी पूर्ण झाली आणि त्याच आठवड्यात आबांना झटका आला. उजवी बाजू गेली, वाचा गेली. समजायचं सगळं. मान हलायची आणि डावा हात उठायचा.

वारस ठरवायच्या सुनावणीला दोन दिवस राहिले असताना हिराचा फोन आला. "वैनी, येशील कय? मशीन बोलतंय, कय तरी सापडत नाय. परवा सुनावनी हाय. आबांची यादी आत हाय."

त्या दिवशीची ती माझी पाचवी फेरी होती. उन्हात हायवे ओलांडून गेले. पाटी बघितली, अक्षरं उतरवली. एम, एफ, सी, बेचाळीस. हिराला विचारलं, "नवीन काय घातलंस? काय काढलंस?"

ती ओशाळली. "मासिकाबरोबर ती जन्मपत्रिका बघायची सीडी आलेली ना, ती घातलेली. मग काढून टाकली. काढताना मशीननं इचारलं, ही फाइल सामाईक हाय, पन आता कोनी वापरत नाय असं दिसतंय, काढू का? मी हो बोलले. कोनाचीच नाय तर कशाला ठेवायची?"

मशीननं तिला सरळ विचारलं होतं, तिनं सरळ उत्तर दिलं होतं. तिचा मराठी टायपिंगचा प्रोग्राम त्याच विहिरीवर होता, हे मशीनला माहीत नव्हतं आणि तिलाही नव्हतं.

आता नीट ऐक, वैशू. त्या वेळी मी एकच प्रश्न विचारायला हवा होता: "टायपिंगच्या प्रोग्रामच्या मूळ फ्लॉप्या कुठं आहेत?" त्या परत घातल्या असत्या तर ती फाइल आपोआप जागेवर आली असती. पंधरा मिनिटांचं काम. पण मी वही उघडली. माझ्या वहीत ती फाइल सानपाड्याच्या एका होमिओपॅथी डॉक्टरांकडे होती. मी गेले, फ्लॉपीवर घेतली, आले, टाकली. प्रोग्राम उघडायला गेला आणि दुसरी पाटी आली. फाइल तीच होती, पण जुनी. तिच्यात हवं ते नव्हतं. उसनं आणलेलं विरजण आंबट निघालं.

मी परत डॉक्टरांकडे गेले. ह्या वेळी त्या फाइलीच्या आसपासच्या सारख्या नावाच्या सगळ्याच उचलून आणल्या. दुपार टळत आली होती, पाय भरून आले होते, आणि मशीन एकेक फाइलीला विचारत होतं, ही आधीच आहे, वर लिहू का? हो, नाही, की सगळ्यांवर? मी म्हटलं, सगळ्यांवर. दमलेल्या माणसानं 'सगळ्यांवर' कधी म्हणू नये. मशीन बंद करून लावलं तर ते उठेचना.

हिरा शेजारच्या खोलीतून आबांना भरवून आली. "झालं कय?"

"होतंय," मी म्हटलं.

मग मी तेच केलं ज्यावर आयुष्यभर इतरांना हसले. फॉरमॅट. पण आधी, विंडोजशिवाय नुसते हुकूम टाइप करायच्या काळ्या पडद्यावरून, आबांची यादी एका फ्लॉपीवर काढून घेतली. एकाच फ्लॉपीवर. पिशवीतली सगळ्यात जुनी ती, हजार वेळा वापरलेली. ती उघडते का, हे दुसऱ्या मशीनवर जाऊन बघायचं असतं. माझ्याकडे काम शिकायला यायच्या त्या पोरींना मी शिकवायचे तो पहिला नियम हाच: दोन प्रती काढ, आणि दोन्ही उघडून बघ. दुसऱ्या मशीनसाठी परत हायवे ओलांडावा लागला असता. मला उठवेना. मी त्या फ्लॉपीवर विश्वास टाकला आणि डिस्क पुसली.

विंडोज नव्यानं भरून होईस्तोवर तास-दीड तास गेला. मग हिराला म्हटलं, "आता तुझा टायपिंगचा प्रोग्राम कुठून आणायचा?"

ती उठली, कपाट उघडलं, लग्नातल्या शालूखालून रुमालात गुंडाळलेल्या चार फ्लॉप्या काढल्या. अगदी कोऱ्या करकरीत. "ह्याच का? दुकानवाला बोललेला, जपून ठेवा. म्हून जपल्या."

मी त्या चार फ्लॉप्यांकडे बघत बसले. तिनं जपल्या होत्या, मी विचारलं नव्हतं.

प्रोग्राम चढला. झकास उघडला. मग मी माझी फ्लॉपी आत घातली. ड्राइव्हनं कर्र कर्र केलं, थांबला, परत कर्र कर्र. वाचता येत नाही, अशी पाटी आली. काढली, पुसली, फुंकली, परत घातली. पाच वेळा. हिरा माझ्या खांद्यामागे उभी होती. तिनं पाटी वाचली नाही, माझी मान वाचली.

"वैनी, गेली कय यादी?"

आणि मी म्हणाले, "मशीनमध्ये व्हायरस होता, हिरा. त्यानं खाल्ली."

आमच्या धंद्यात हे सगळ्यात सोपं वाक्य. व्हायरसला कुणी जाब विचारत नाही.

हिरा खाली बसली. रडली नाही. आबांची खुर्ची रिकामी होती, तिच्या पायाशी फरशीवर बसली आणि म्हणाली, "आता भावाची यादी जाईल. एका पानाची. आबा मान हलवतील, पन कोनाकोनाच्या नावाला? माझं नाव त्यात नाय." मग म्हणाली, "मला जमीन नको ग. आबांनी माझं नाव सांगलेलं, त्ये मना पायजे."

तेव्हा मला बिस्किटाचा डबा आठवला.

घरी जाऊन ती फ्लॉपी आणली आणि दुसऱ्या दिवशी सकाळी आठ वाजता हिराकडे हजर झाले. ह्या वेळी आधी दोन प्रती काढल्या. मग उघडली. आबांच्या पणजोबापासून नावं ओळीनं उतरली. चौऱ्याण्णव माणसं. पण ते पंधरा दिवसांपूर्वीचं होतं. थोरल्या शाखा सगळ्या होत्या. आबांची स्वतःची शाखा नव्हती, आणि आबांच्या बहिणीची नव्हती. ती बहीण म्हणजे सोनूबाई, उरणकडे दिलेली. कधीकाळच्या भांडणानं येणंजाणं तुटलेलं. ती वारली होती आणि तिची मुलं कुठं पांगली ते फक्त आबांना माहीत.

आम्ही आबांची खाट पुढच्या खोलीत ओढली. हिरानं एकेक नाव मोठ्यानं वाचलं आणि आबांनी एकेका नावाला मान हलवली. दोन ठिकाणी डावा हात उचलून नाही म्हणाले, तिथं नावं मागंपुढं होती, ती सुधारली. जिथं फ्लॉपी संपली तिथून हिरा स्वतः टाइप करायला लागली. आबांचं नाव. थोरला मुलगा. धाकटा मुलगा. आणि ती थांबली. हात कीबोर्डवर तसेच.

मी म्हटलं, "लिही ना."

"मी कशी लिवू? मीच माझं?"

आबांनी खाटेच्या लाकडावर डाव्या हातानं थाप मारली. एकदा, दोनदा. हिरानं वळून बघितलं. आबांचं बोट तिच्याकडे होतं. बरोबर तिच्याकडे. तिनं लिहिलं. वैशू, त्याखाली तुझंही नाव लिहिलं.

मग सोनूबाई. हिराला एवढंच आठवत होतं की तीन मुलं होती, आणि टाइप करताना एका नावाला ती हसली होती. का हसली, ते आठवत नव्हतं. आबांनी तोंड उघडलं. ओठ जुळवले, 'प' की 'ब' असं काहीतरी निघालं आणि विरलं. परत प्रयत्न केला. हिरा नावं सुचवत गेली, पांडुरंग, परशुराम, बाळाराम, बामा. आबा डावा हात उचलत राहिले, नाही, नाही. शेवटी त्यांनी भिंतीकडे तोंड केलं. डोळ्यांतलं पाणी कानाकडे गेलं.

तो कागद छापला. सोनूबाई, आणि तिच्यापुढे वारस म्हणून एक कोरी ओळ. आबांनी डावा अंगठा लावला. सुनावणीत तो कागद मान्य झाला, बहिणींची नावं सगळी लागली. कोऱ्या ओळीपुढे कुणीतरी लाल पेनानं 'माहिती उपलब्ध नाही' असं लिहिलं. निघताना हिरा माझा हात धरून म्हणाली, "वैनी, तू व्हतीस म्हून येवडं तरी वाचलं."

ते वाक्य इतकी वर्षं माझ्या मानेवर बसलं आहे. हिराची भांडं रिकामं न देण्याची सवय होती म्हणून तेवढं वाचलं. माझ्यामुळे वाचलं नाही, माझ्यामुळे गेलं. त्यानंतर मी ती वही फार उघडली नाही. गिऱ्हाइकाकडे गेले की आधी विचारायचे, "कपाटात काय जपून ठेवलंय, ते दाखवा." काम करत राहिले, पण जिना चढताना पूर्वीसारखी हौस नव्हती. एक दिवस पिशवी खुंटीला लावली ती लावलीच.

हिरा, तू हे वाचशील किंवा वैशू तुला वाचून दाखवेल. व्हायरस नव्हता गं. मी दमले होते, मला उठवलं नाही, आणि मी तुझ्याशी खोटं बोलले. तोंडावर सांगायला हवं होतं. सांगेन, आलीस की.

ती बिघडलेली फ्लॉपी मी टाकली नाही. तिच्यावर माझ्या अक्षरात 'हिरा' लिहिलं आहे. वैशू, तू मागे फोनवर बोलता बोलता म्हणालीस, तुमच्या ऑफिसात असल्या जुन्या डिस्कांमधून काय काय काढतात. मी तेव्हा विषय बदलला. निघेल, न निघेल. पण सोनूबाईची तीन मुलं कुठंतरी म्हातारी झाली असतील, आणि त्यांची नावं ह्या चौकोनी तुकड्यात आहेत, आबांनी सांगितलेली, तुझ्या आईनं टाइप केलेली.

तर ये आता. रविवारी ये, आईला घेऊन ये, आमची लिफ्ट सध्या चालू आहे. गेल्या संक्रांतीला तुमचा स्टीलचा डबा माझ्याकडे राहिला, तो न्यायला म्हणून तरी ये. घासून ठेवला आहे. रिकामा नाही देणार, आत ती फ्लॉपी आहे.